धागा: कॉम्बी वॅगन दोन बोटं खाली बसवायची आहे. स्प्रिंग, शॉकअप की दोन्ही?

दिवाडीचा कॉम्बीवाला | १४ जून, रात्री १०.१२

मंडळी, गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (मागे लांब डिकीची वॅगन), १.९ टीडीआय डिझेल. वडिलांनी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. २ लाख १८ हजार किमी झालेत, इंजिन अजून तक्रार करत नाही. पण बाजूने बघितली की चाकाच्या कमानीत माझी अख्खी मूठ जाते. एवढी लांब देखणी गाडी आणि उभी राहते धोतर वर खोचून व्हाळ ओलांडणाऱ्या माणसासारखी.

मला गाडी जमिनीला टेकवायची नाही. साधारण २५ मिमी खाली, बस्स. घाटात वळणावर अंग टाकते ते कमी व्हावं, आणि मागे बसणाऱ्या आईची कंबर शाबूत राहावी.

वापर असा: रोज दिवाडीहून फेरीने जुने गोवे, पुढे पणजी. महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने बेळगाव, बायकोचं माहेर. चवथीला पाच माणसं, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांचं) सामान आणि दोन पेट्या घेऊन मूळ घरी. एरवी डिकीत कुत्रा.

डोक्यात तीन वाटा आहेत: नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या, आखूड), स्प्रिंग अधिक बिलस्टीन कंपनीचे बी८ शॉकअप, नाहीतर कॉइलओव्हर (स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र संच, आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारा). इथल्या एका गॅरेजवाल्याने चौथी सुचवली: "एक वेटोळं कापूया, दोन तासांचं काम." मी हसून निघून आलो, पण खरं सांगू, मोह झाला.

पात्रांव०७ | १४ जून, रात्री १०.३१

वॅगन म्हणजे वॅगनआर समजून धागा उघडला, माझे दोन मिनिटं परत द्या.

कॉइलओव्हर टाक पात्रांव. पाना घेऊन हवी तेवढी वर-खाली. माझी हॅचबॅक ५० खाली आहे, तीन वर्षं काहीही झालेलं नाही.

सत्तरीची माती | १४ जून, रात्री १०.५८

पात्रांव, काहीही झालेलं नाही? गेल्या पावसात चेंबर फोडून वाळपईच्या रस्त्यावर तेलाची रांगोळी कुणी काढली होती? टो करायला मीच आले होते.

कॉम्बीवाले, मी रोज वाळपई ते साखळी गाडी चालवते. तुमच्या इंजिनाखालचं तेलाचं चेंबर ॲल्युमिनियमचं आहे. पत्र्याचं चेपतं, हे तडकतं. खाली गार्ड आहे का ते आधी बघा. आमच्या वाड्यावरचे हंप रातोरात उगवतात, पंचायतीलाही सकाळी कळतं.

पात्रांव०७ | १४ जून, रात्री ११.०४

ते चेंबर आधीच तडकलेलं होतं 😐

शॉकअपशास्त्री | १५ जून, सकाळी ७.२०

पाऊस आहे, बागेत जाता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते वेटोळं कापणं डोक्यातून काढा. स्प्रिंगची ताठरता तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेटोळी असतील आणि एक कापलंत, तर स्प्रिंग २० टक्के ताठ होते. ताठपणा हवाच आहे की, असं कुणी म्हणेल. पण कापलेलं टोक कपात (स्प्रिंग टेकते ती वाटी) नीट बसत नाही. जॅकवर चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल पडते, चाक परत टेकताना कपातल्या जागेवर येईलच याची हमी नाही. आणि सोबतचा शॉकअप जुन्याच ताठरतेसाठी केलेला. काही जण कापत नाहीत, गॅसने तापवून बसवतात. ते त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच जातं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असं एकाने करून दिलं होतं. सहा महिन्यांत एक बाजू दुसरीपेक्षा इतकी खाली गेली की गाडी उभ्या जागी कुणाला तरी नमस्कार करते आहे असं वाटायचं.

आता वजनाचं. कुटुंबाच्या गाडीत गोची इथेच असते. समजा मागच्या चाकापाशी मोजलेली ताठरता मिमीला २५ न्यूटन आहे (आकडा समजण्यापुरता घेतलाय, तुमच्या गाडीचा नव्हे). चवथीला मागच्या ॲक्सलवर २०० किलो जादा आले, म्हणजे चाकाला १००. गाडी मागे ३९ मिमी बसणार. तिथे ३५ न्यूटनची लोअरिंग स्प्रिंग टाकलीत तर तेवढ्याच वजनाला २८ मिमी बसेल. रिकामी गाडी २५ खाली आहे म्हणून भरलेली ६४ खाली जाईल असं नाही, ५३ जाईल. जुन्यापेक्षा फक्त १४ जास्त. चांगल्या कंपन्या खाली करताना ताठरता का वाढवतात ते यावरून कळेल. आणि निव्वळ आखूड, पण तेवढीच मऊ स्प्रिंग बंपस्टॉपवर का आपटते तेही. दणका शॉकअपचा नसतो, तो त्या रबराच्या ठोकळ्याचा असतो.

बिलस्टीनचं थोडक्यात: बी४ हा मूळ शॉकअपचा बदली माल. बी६ ताठ, पण मूळ उंचीसाठी. बी८ म्हणजे तोच बी६, रॉड आखूड केलेला, लोअरिंग स्प्रिंगसोबत लावायचा. २५ मिमीला बी८ लागतोच असं मी म्हणणार नाही.

कॉइलओव्हर तुम्हाला नको. खाऱ्या हवेत आणि फेरीच्या शिंतोड्यांत दोन पावसाळे गेले की ते आटे गंजून कॉलर जाम होते. मग उंची बदलायची सोय कागदावर. आणि तुमच्या गाडीला मागे स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा असतो. मागचा कॉइलओव्हर हा नावालाच.

दिवाडीचा कॉम्बीवाला | १५ जून, सकाळी ९.४५

शास्त्रीबुवा, साष्टांग. हे छापून गॅरेजच्या भिंतीला लावतो.

हंपचं काय पण? फेरीचं? चढता-उतरताना खाली घासेल का?

शॉकअपशास्त्री | १५ जून, सकाळी १०.३०

हंपचा हिशेब गमतीचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल हंप ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. तुमचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २५१२ मिमी, म्हणजे मध्यावर आलात की पुढची-मागची दोन्ही चाकं हंपवरच असतात. पोटाखाली जो फुगवटा उरतो तो जेमतेम ४६ मिमी. असा हंप कितीही भरलेली गाडी हसत ओलांडेल.

पण आपल्याकडचा हंप म्हणजे हातभर रुंद डांबराचा ढिगारा. चाकं दोन्ही बाजूंना खाली सपाटीवर आणि ढिगाऱ्याची सगळी उंची थेट पोटाखाली. तिथे २५ मिमीला किंमत आहे. तिरकं घालायची सवय करा.

फेरीचा मला अनुभव नाही, आमच्याकडे पूल आहे.

नियमावली | १५ जून, दुपारी १.१५

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतल्या तपशिलात आणि उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात यावर शिक्का मारला आहे. २०१९ च्या दुरुस्तीतल्या १८२अ(४) प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो हे खरं. म्हणून कुणी विचारत नाही. पण तुमची गाडी १५ वर्षांपुढची, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी वाढवावी लागते. खाली घासणारी, एका बाजूला झुकलेली गाडी तपासणीला नेलीत तर आपण होऊन प्रश्न ओढवून घ्याल. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

पात्रांव०७ | १५ जून, दुपारी १.२०

आला पावसाचा ढग.

फोंड्याचा फिटर | १५ जून, रात्री ९.००

दिवसभर हात काळे होते म्हणून आत्ता लिहितोय. सगळे स्प्रिंगवर बोलताहेत, गाडी कुणी मोजली का? तळ ते जमीन मोजू नका, टायरची झीज नि हवा त्यात येते. चाकाच्या बरोबर मध्यापासून वर कमानीच्या कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक सोडून, आधी थोडी मागे-पुढे ढकलून. नाहीतर स्प्रिंग आखडलेली राहते आणि आकडा खोटा येतो. मग आकडे टाका इथे.

दिवाडीचा कॉम्बीवाला | १७ जून, संध्याकाळी ६.४०

अंगणात चिऱ्यांचं फरसबंद आहे, त्यातल्या त्यात सपाट. मुलीने टेप धरला.

पुढे डावी ३७१, उजवी ३८४. मागे डावी ३९२, उजवी ३९०.

पुढे १३ मिमीचा फरक? तीनदा मोजलं. मुलगी म्हणाली बाबा तुम्ही तिकडे बसता म्हणून. मी उजवीकडे बसतो हे तिला दाखवलं.

फोंड्याचा फिटर | १७ जून, संध्याकाळी ७.०५

डावी स्प्रिंग तुटलीये. पैज.

स्टिअरिंग पूर्ण फिरवताना पुढून टण्ण असा आवाज येतो का?

दिवाडीचा कॉम्बीवाला | १७ जून, संध्याकाळी ७.११

येतो. वर्षभर येतोय. सगळे म्हणाले जुनी गाडी, चालायचंच.

फोंड्याचा फिटर | १७ जून, संध्याकाळी ७.३०

चालायचंच नाही. या गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगचं खालचं वेटोळं कपात बसतं, तिथे चिखल नि पाणी साठतं. रंग उडाला की खाऱ्या वाऱ्यात गंज धरतो नि एक दिवस टोक तुटतं. गाडी चालत राहते, कळत नाही. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसलेलं मी पाहिलंय. रविवारी या फोंड्याला. मीच बघतो, चहा तुमच्याकडून.

सत्तरीची माती | १७ जून, रात्री ८.१५

म्हणजे एका बाजूने गाडी आधीच लोअर झाली होती. फुकटात.

दिवाडीचा कॉम्बीवाला | २२ जून, रात्री ९.३०

फिटरभाऊंनी पैज जिंकली. पुढचं डावं चाक काढलं, टॉर्चचा उजेड आत टाकला. कपाच्या तळाशी लाल मातीच्या लगद्यात अर्धं वेटोळं सुटं पडलेलं. करंगळीपेक्षा जाड, तुटलेली कड एका अंगाने जुनी काळपट-तांबडी आणि उरलेली ताजी करडी. म्हणजे चीर आधीच होती, नंतर कधीतरी पूर्ण गेली. टायरच्या आतल्या भिंतीपासून दोन बोटांवर होतं ते टोक. शॉकअपच्या वरच्या माउंटचं रबर पिझ्झ्याच्या कडेसारखं सुटलेलं. लोअर आर्मच्या (चाकाला धरणारा खालचा दांडा) मागच्या रबरी बुशात पहार घालून हलवलं तर आर्म बोटभर हलला.

तुकडा घरी आणलाय. आई म्हणते देव्हाऱ्यात ठेव, एवढं वर्षभर सांभाळलंन त्याने.

फोंड्याचा फिटर | २२ जून, रात्री १०.१०

घाटात अंग टाकते म्हणत होते ना, त्यातलं अर्धं अंग त्या बुशाचं आणि गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याच्या लिंक रॉडचं. त्यावर हजारोंच्या स्प्रिंगा बसवल्या असत्या तर नवी गादी मोडक्या खाटेवर.

शॉकअपशास्त्री | २३ जून, सकाळी ७.०५

आता मजेशीर गोष्ट सांगतो. तुम्ही "लोअर" करायला निघालात, पण आपल्याकडच्या या गाड्या मुळातच उंच करून विकलेल्या. खराब रस्त्यांच्या देशांसाठी कंपनी उंच स्प्रिंगांचा वेगळा संच बसवते. युरोपातली तीच कॉम्बी यापेक्षा खाली बसते. तेव्हा लोअरिंग किट न घेता युरोपातल्या कॉम्बीच्या साध्या, मूळ दर्जाच्या स्प्रिंगा घ्या. दीड-दोन सेंमी आपोआप खाली येईल. त्या वजन वाहायच्या हिशेबानेच केलेल्या असतात, आणि शॉकअप साधा बी४ चालतो.

कॉम्बीच्याच मागवा, सेदानच्या नव्हे. मागे वजन जास्त धरून त्या केलेल्या असतात. स्पेअर चाकाच्या खड्ड्याजवळ एक कागदी स्टिकर असेल, बारीक कोडांनी भरलेलं. त्यात सस्पेन्शनचा आणि ॲक्सलच्या वजनाचा कोड असतो. स्प्रिंगेवर रंगाचे ठिपकेही असतात, उरले असतील तर. गाडीचा सांगाडा फोक्सवॅगन गोल्फ ४ चाच, म्हणून माउंट, बुश, लिंक रॉड यांना बाजारात तोटा नाही.

पात्रांव०७ | २३ जून, सकाळी ९.५०

दोन सेंमीसाठी एवढी पोथी. टायर बदल ना सरळ! १९५/६५ आर१५ काढ, १९५/६० घाल. झाली खाली.

शॉकअपशास्त्री | २३ जून, सकाळी १०.१५

व्यास ६३४ वरून ६१५ वर येईल. गाडी साडेनऊ मिमी खाली जाईल, कमानीतली फट मात्र तेवढीच वाढेल. म्हणजे दिसायला अजून उंच, घासायला अजून जवळ. शिवाय स्पीडोमीटर तीन टक्के जास्त दाखवेल. उत्तम सल्ला.

पात्रांव०७ | २३ जून, सकाळी १०.१७

🙏 चूक झाली बुवा.

नियमावली | २३ जून, दुपारी २.००

उत्पादकाच्याच सुट्या भागांना माझा आक्षेप बराच मवाळ आहे. तरी बिलं जपून ठेवा.

सत्तरीची माती | २४ जून, रात्री ८.४०

एक राहिलं. जुन्या काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो, गाडी किती बसली ते बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा. तसली गाडी खाली केली तर व्हॉल्व्हला वाटतं डिकी भरली आहे, मागे ब्रेक जास्त लागतो आणि ओल्या रस्त्यावर शेपूट फिरतं. माझ्या काकांच्या गाडीचं झालं होतं असं, करमल घाटात. कॉम्बीवाले, तुमच्याकडे एबीएस आहे का? त्याच्यासोबत ते काम इलेक्ट्रॉनिक असतं, तरी खाली वाकून एकदा बघा. आणि मागे सामान भरल्यावर हेडलाइटचा झोत खाली करायची चकती फिरवत जा हो, समोरून येणाऱ्याचे डोळे जातात.

दिवाडीचा कॉम्बीवाला | २४ जून, रात्री ९.२०

एबीएस आहे, व्हॉल्व्ह नाही. चकती आहे हे आज कळलं. वीस वर्षं गाडी घरात आहे.

ठरलं मग. चारही साध्या कॉम्बी स्प्रिंगा, बी४ चारही, माउंट, बेअरिंग, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, नवे बंपस्टॉप. मागवतो. कुरिअर आणि कस्टम ड्युटीचा आकडा बायकोला सांगितलेला नाही, कृपया इथेही विचारू नका.

दिवाडीचा कॉम्बीवाला | ९ ऑगस्ट, रात्री ११.०५

झालं एकदाचं. पार्सल तीन आठवडे अडकलं, मग फिटरभाऊंना पंचमीआधी वेळ नव्हता. शेवटी काल सकाळी नऊला गाडी वर चढली, संध्याकाळी सातला खाली.

दिवसभर स्टूलावर बसून बघत होतो. सगळ्यात जास्त वेळ मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) बुशाचे बोल्ट सोडवण्यात गेला. आधी तेल, मग हातोडा, मग शिव्या, मग परत तेल. आणि एक गोष्ट नव्याने कळली. बुशांचे बोल्ट त्यांनी चाकं हवेत असताना हातानेच लावले, शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, खड्ड्यात उतरून केलं. मी विचारलं घाई असताना हे कशाला. म्हणाले, हवेत आवळलं तर बुशाचं रबर लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं. आधीच्या गॅरेजात तीन वर्षांमागे बदललेले बुश का गेले असतील, त्याचं उत्तर बसल्या जागी मिळालं.

नवे आकडे: पुढे ३६४, ३६५. मागे ३७३, ३७२. मूठ जात नाही, चार बोटं जातात. मला हवं होतं तेवढंच.

फोंड्याचा फिटर | १० ऑगस्ट, सकाळी ८.१५

अजून थोडी बसेल, दोन-चार मिमी. ५०० किमीनंतरच अलाइनमेंट करा. आज केलीत तर पैसे पाण्यात. खाली आल्यावर टो (चाकं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) बदलतो, टायर आतून खातो. मागे बीम आहे, तिथे फिरवण्यासारखं काही नाही, पण वाचन घ्या. बीम वाकलाय का ते कळतं.

चवथीला जायच्या आधी मागच्या शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवून रॉडला बारीक केबल टाय बांधा, खाली सरकवून ठेवा. परत आल्यावर टाय कुठवर ढकलला गेला ते बघा. बंपस्टॉपवर किती आपटली त्याचा पंचनामा मिळेल.

सत्तरीची माती | १० ऑगस्ट, सकाळी ९.००

फेरीचं सांगा ना. सुरुवातीलाच विचारलं होतंत.

दिवाडीचा कॉम्बीवाला | १६ ऑगस्ट, रात्री १०.४०

मुद्दाम थांबलो होतो, पूर्ण ओहोटीची वेळ मिळेपर्यंत. भरतीला प्रश्नच नसतो. ओहोटीला जेटीचा उतार आणि फेरीचा लोखंडी फाळका यांच्यामध्ये खोल कोन पडतो. तिथे नाकही घासतं आणि शेपूटही.

आज संध्याकाळी पाच माणसं भरून गेलो. फेरीवरचा माणूस रोजचा ओळखीचा, खाली वाकून बघत होता. तिरकी घातली, पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा. नाक गेलं. मग मागे टोइंग हुकापाशी कर्र असा आवाज. माझ्या पोटात गोळा. उतरून बघितलं तर हुकाच्या खालच्या कडेचा रंग गेलाय, बोटभर. आईला विचारलं आवाज आला का. म्हणाली, कसला आवाज, आज पाठीला काही लागलं नाही म्हणून मला डुलकी लागली होती.

चोर्ला रविवारी केला. वळणावर आता एकदाच झुकते आणि तिथेच थांबते, आधी झुकून परत डोलायची. किती श्रेय शॉकअपचं आणि किती बुशांचं ते मला सांगता येणार नाही, शास्त्रीबुवा भांडतील.

शॉकअपशास्त्री | १७ ऑगस्ट, सकाळी ६.५०

भांडत नाही. बुशांचं जास्त.

दिवाडीचा कॉम्बीवाला | १७ ऑगस्ट, सकाळी ८.०५

४८० किमी झाले. म्हापसा ते पणजी पट्ट्यात पुढची आणि मागची, दोन्ही वाचनं छापून देणारं अलाइनमेंटचं दुकान कुणाला माहीत आहे का? इथल्याने मागची मोजायला नकार दिला, म्हणे "त्याला काय करायचंय." चवथीच्या आधी उरकायचंय. आणि पात्रांव, तुझ्या चेंबरसाठी फिटरभाऊंचा नंबर व्यक्तिगत निरोपात टाकलाय.